फुटबॉल-संघांच्या विडंबनाची बखर

स्वतःविषयी सदैव गंभीर स्वरात बोलण्याची सवय ज्या संस्थेला जडते, तिच्या पाठीमागे त्याच स्वराची हुबेहूब नक्कल करणारा कोणी तरी खट्याळ माणूस उभा राहतोच; दरबार आणि धर्मपीठे यांना जे चुकले नाही, ते ब्रिटनमधील व्यावसायिक फुटबॉल-संघांना तरी कसे चुकावे? संघाचे बोधचिन्ह किंचित वाकवून, नावातील एखादे अक्षर फिरवून, समाजमाध्यमांवर खोटी निवेदने प्रसृत करणारी जी असंख्य खाती आज दिसतात, ती मोबाइलच्या उदरातून एकाएकी जन्मलेली नाहीत. त्यांची वंशावळ अर्धशतकाहून जुनी आहे, आणि तिच्यातील प्रत्येक पिढीने आपल्या काळी जे अधिकृत लेखन प्रतिष्ठित होते, नेमका त्याचाच वेष घेतलेला आहे.

या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे नीस्डन हा संघ. 1961 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘प्रायव्हेट आय’ या उपहासप्रधान पाक्षिकाने वायव्य लंडनमधील त्या सामान्य उपनगराच्या नावाने एक काल्पनिक संघ कल्पिला आणि त्याच्या पराभवांची साग्रसंगीत वृत्ते छापण्याचा परिपाठ ठेवला. त्याचे व्यवस्थापक रॉन नी यांचे वय वर्षानुवर्षे एकोणसाठच राहिले, चेहरा नित्य काळवंडलेला आणि ओठ घट्ट मिटलेले. चाहत्यांची सारी सेना म्हणजे सिड आणि डॉरिस बाँकर्स ही दोन माणसे. येथे थट्टेचा विषय संघ नव्हताच. त्या काळी संघाची कीर्ती वा अपकीर्ती क्रीडावार्ताहरांच्या लेखणीतून लोकांपर्यंत पोहोचे, म्हणून विडंबन झाले ते त्यांच्या घासून गुळगुळीत झालेल्या विशेषणांचे. त्याच पाक्षिकाचा आदर्श समोर ठेवून केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 1972 साली ‘फाउल’ हे नियतकालिक काढले. ते 1976 पर्यंत चालले, आणि फुटबॉलवर प्रेम करणाऱ्यानेच फुटबॉलच्या कारभाऱ्यांना हसावे, हा पायंडा त्याने पाडला.

त्या पायंड्याला खरे बळ मिळाले ते एका दुर्दैवी वर्षानंतर. मे 1985 मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावरील लाकडी प्रेक्षागाराला आग लागून 56 माणसे दगावली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर 39 जणांचा बळी गेला. यानंतर सरकार, वृत्तपत्रे आणि संघांचे मालक हे तिघेही सामान्य प्रेक्षकाकडे संशयित म्हणून पाहू लागले, तेव्हा आपली बाजू मांडावयास त्याच्यापाशी स्वतःचे असे एकही पत्र नव्हते. ती उणीव फॅनझीन नावाच्या, टंकयंत्र आणि झेरॉक्स यांच्या साह्याने घरच्या घरी सिद्ध होणाऱ्या पत्रिकांनी भरून काढली. मार्च 1986 मध्ये निघालेल्या ‘व्हेन सॅटरडे कम्स’ने तर मुखपृष्ठावरील खऱ्याखुऱ्या छायाचित्रातील व्यवस्थापक व खेळाडू यांच्या तोंडी बोलफुगे काढून भलतीच वाक्ये घालण्याची रीत लोकप्रिय केली.

परंतु अधिकृत वाणी आणि तिचे विडंबन यांचे नाते ग्लासगोइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. सेल्टिक संघाने 1965 पासून ‘द सेल्टिक व्ह्यू’ हे स्वतःचे वृत्तपत्र चालविले होते, आणि त्यात संचालक मंडळाचे सर्व निर्णय इतके निर्दोष दिसत की चाहत्यांनीच त्याला ‘प्रावदा’ हे सोव्हिएत मुखपत्राचे नाव बहाल केले. 1987 साली त्यांच्यातीलच काहींनी ‘नॉट द व्ह्यू’ ही पत्रिका काढली. तिचे नावच मूळ पत्राच्या नकारावर उभे होते, आणि सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर रस्त्यावर ती हातोहात विकली जाई. 1994 साली संघाचा ताबा जुन्या घराण्यांकडून फर्गस मकॅन यांच्याकडे गेला. सत्तांतर काही केवळ थट्टेने होत नसते. तथापि संचालकांविरुद्धचा असंतोष धगधगत ठेवण्यात या हास्याचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

2006 साली ट्विटर अवतरले, आणि संघांनी वार्ताहरांची मध्यस्थी दूर सारून आपली फर्माने थेट जनतेच्या हाती देण्यास आरंभ केला. विडंबनकारांस यापरते भाग्य ते कोणते! पूर्वी ज्या स्वराची नक्कल करण्यास सबंध पत्रिका छापावी लागे, तो आता दोन ओळी, एक बोधचिन्ह आणि एक विशिष्ट रंग यांत सामावला. जानेवारी 2018 मध्ये मँचेस्टर युनायटेडने अलेक्सिस सांचेझच्या आगमनाची वार्ता त्याला पियानोपुढे बसवून जाहीर केली. मूळ वस्तूच इतकी आलंकारिक असल्यावर तिच्यात भर घालण्यासाठी नक्कलकाराला फारशी प्रतिभा खर्चावी लागत नाही.

मात्र छापील पत्रिका कोणी खरी मानीत नसे. खोटी पोस्ट मात्र क्षणात खरी ठरू शकते. 2009 साली अमेरिकेतील बेसबॉल-व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी आपल्या नावाच्या खोट्या खात्यावरून ट्विटरवर फिर्याद गुदरली, आणि त्याच सुमारास खरेपणाची निळी खूण अस्तित्वात आली. 2022 च्या नोव्हेंबरात ती मासिक शुल्काने विकत मिळू लागताच तोतयांचा असा सुळसुळाट झाला की विडंबनाच्या खात्याने आपल्या नावातच तसे लिहावे, असा दंडक घालणे चालकांना भाग पडले.

याहून मोठी अडचण संघांनीच निर्माण केली. 2018 च्या उन्हाळ्यात रोमच्या ए. एस. रोमा संघाच्या इंग्रजी खात्याने नव्या खेळाडूंच्या घोषणा मुद्दाम हास्यास्पद करून इतरांच्या भपक्याची टर उडविली. पुढच्याच वर्षी त्याच घोषणांना बेपत्ता मुलांची छायाचित्रे जोडली, आणि त्यांतील काहींचा ठावठिकाणाही लागला, ही त्या संघाची निर्विवाद पुण्याई होय. परंतु दरबाराने विदूषकाचे काम स्वतःच अंगावर घेतले, म्हणून विदूषकाची गरज सरत नाही. कारण संघ स्वतःला हसतो तेव्हा विषय कोणता निवडावा हे तोच ठरवितो, आणि तिकिटांचे वाढते दर, मालकांची मनमानी वा फसलेली खरेदी या विषयांवर तो सहसा हसत नाही. ती जागा तिकिटाचे पैसे मोजून, हरणाऱ्या संघापाठी गावोगाव जाणाऱ्या माणसाचीच आहे, आणि ‘विडंबन’ हा शब्द नावापुढे लावण्याची सक्ती झाली तरी ती त्याच्याकडून काढून घेता येणार नाही.