कांचेवरील रंग

दिघाशी ज्या भिवंडी तालुक्यांत आहे, त्याला लागूनच कल्याण. तेथें १८९२ च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. हातानें रंगविलेलीं कांचेवरील चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर मोठीं होत आणि तीं चपळाईनें बदलल्यामुळें आकृति हलल्याचा भास होई. तो रंग प्रकाश आरपार गेला तरच जिवंत. आणि पुढील सारी अडचण हीच.

१९३५ मध्यें कोडाक्रोम निघाल्यावर रंगीत पारदर्शक चित्रें सामान्य हौशी मंडळींच्याहि हातीं आलीं. परंतु त्यांतील उजेड-अंधाराचें अंतर कागदावर मावत नाहीं. छाया बुजतात, उजळ भाग कोरे पडतात. कुशल छापणारा मूळ चित्रावर त्याचीच फिकट उलट प्रत ठेवून हें अंतर कमी करी. १९६३ च्या सिबाक्रोमची युक्ति निराळी : रंग कागदांत आधींच भरलेले, नको तेवढे नष्ट करावयाचे. छाप अप्रतिम निघे! तो कागद आतां बनत नाहीं. स्कॅनर व शाईचा छाप यांवर भिस्त.

कोडाक्रोम अंधारांत फार टिकतें, पण पडद्यावर दाखविण्याच्या उजेडानें विटतें. म्हणजे पाहुण्यांना वारंवार दाखविलेलें लग्नाचें चित्रच आधीं फिकें होणार. छापावयास प्रथम तेंच काढावें.