वही वाटली, पुढे काय?

१४ एप्रिलला आम्ही वह्या वाटतो. वाटाव्यातच. पण वही मिळालेल्या मुलाची शिष्यवृत्ती अडली, तर त्याच्यासोबत कचेरीत आम्ही जातो का?

१८९३ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत लिलियन वॉल्ड या ज्यू परिचारिकेने घरोघर शुश्रूषा सुरू केली. रुग्णाला लाचार वाटू नये म्हणून ऐपतीप्रमाणे थोडी फी घेतली जाई. यातूनच हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभी राहिली. पण हे काम औषधपाण्यावर थांबले नाही. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी परिषद भरली, तेव्हा काळ्या-गोऱ्या प्रतिनिधींचे स्वागत याच घरात झाले. त्या परिषदेतून एनएएसीपी ही संघटना जन्मली.

१९१३ मध्ये बाबासाहेब याच शहरात शिकायला आले. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन हेही ज्यू. कृष्णवर्णीयांसाठी झटणाऱ्या अर्बन लीगचे ते अध्यक्ष राहिले होते.

मित्र सोबत आले, पण लढणारे स्वतःच पुढे झाले. १९५४ चा शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा खटला एनएएसीपीचे कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल यांनी जिंकला.

सेवेने आजचा दिवस निभावतो. हक्काने पुढची पिढी उभी राहते. म्हणून वह्यांसोबत आम्हाला अर्ज लिहिणारे, कायदा शिकणारे कार्यकर्तेही घडवावे लागतील.

जय भीम!