नाकातोंडात इतिहास

निवृत्त माणसाने काय करू नये याची एक यादी आमच्या घरात तोंडपाठ आहे. ती लेखी कुठेही नाही. पण ब्रिटिशांची राज्यघटनाही एका जागी लिहिलेली नाही म्हणतात, आणि त्यांचं काही अडत नाही. या यादीतलं पहिलं कलम 'चालू वस्तू उघडून बघू नये' हे आहे. गेल्या दिवाळीच्या आधी मी ते मोडलं, आणि त्यापायी एक इतिहास अक्षरशः माझ्या नाकातोंडात गेला. तो सांगण्यासाठीच हा प्रपंच.

त्याचं झालं असं. हिचा दमा अलीकडे बळावला आहे. डॉक्टर म्हणाले, "धुळीपासून लांब राहा." आता धुळीपासून लांब राहायचं म्हणजे राहायचं कुठे? आमच्या इमारतीच्या एका अंगाचा रस्ता खणलेला आहे आणि दुसऱ्या अंगाचा खणायचा आहे. शेवटी कन्येने एक हातात मावणारा, बिनवायरीचा व्हॅक्यूम क्लीनर धाडून दिला. पुढे चोच, मागे मूठ, मधे पारदर्शक पोट. "बाबा, पुढचं तोंड सुटं होतं बरं का. बटण दाबलं की निघतं. कचरा टाकायला अगदी सोपं," असं तिने फोनवर तीनदा बजावलं.

मी सोफा स्वच्छ केला. उश्यांच्या सांदीतून दोन शेंगदाणे, एक सेफ्टी पिन आणि बरीचशी करडी धूळ निघाली. विजयी मुद्रेने हिला हाक मारली, सोफ्यावरच यंत्र उभं धरलं आणि बटण दाबलं. तोंड सुटं झालं. अगदी सोपं गेलं. सोफ्यावरची धूळ सोफ्यावर परत आली. जी यायची राहिली ती माझ्या नाकात गेली. ही एक अक्षर बोलली नाही. आत गेली, केरसुणी आणून माझ्या हातात दिली, आणि पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

वाकून झाडता झाडता माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हे तोंड सुटं करण्याची बुद्धी पहिल्यांदा कोणाला झाली? आणि निवृत्त माणसाला प्रश्न पडला, की त्याच्या हाताशी वेळ असतोच. मी वाचायला बसलो.

वाचल्यावर कळलं, की पूर्वीच्या शहाण्यांनाही धूळ हलवायची एवढंच ठाऊक होतं. १८६९ साली शिकागोच्या एका गृहस्थांनी हाताने फिरवायचं एक यंत्र काढलं. एका हाताने ते ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने पंख्याची मूठ फिरवत राहायची. म्हणजे एकाच वेळी झाडूही मारायचा आणि आइस्क्रीमचा पॉटही फिरवायचा. ते फारसं चाललं नाही यात नवल नाही. दुसरे काही जण धूळ फुंकून उडवत. लंडनच्या एका नाट्यगृहात असलं फुंकणारं यंत्र दाखवलं जात होतं. ते बघायला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनियर गेला होता. हा मूळचा पूल आणि आकाशपाळणे बांधणारा माणूस. व्हिएन्नाचा १८९७ सालचा प्रसिद्ध पाळणा अजून फिरतो आहे, त्याच्या बांधणीत याचा हात होता. बूथने विचारलं, "फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही?" यंत्रवाला चिडला. अशक्य आहे म्हणाला आणि निघून गेला.

बूथ स्वस्थ बसणारा नव्हता. लंडनमधल्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात तो गेला, आणि तिथल्या मखमली खुर्चीला तोंड लावून त्याने जोरात श्वास ओढला. मधे रुमाल धरला होता असं सांगतात. साहेबांचा जीव घुसमटला, ठसका लागला. पण रुमाल उलटा करून बघतो तो त्याच्यावर काळंभोर वर्तुळ. सिद्धान्त सिद्ध झाला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना काय वाटलं असेल ते इतिहासाने नोंदवलेलं नाही.

वाचकहो, मी हा प्रयोग आमच्या सोफ्यावर करून पाहिला. रुमालावर वर्तुळ उमटलं, पण फिकट. "बघ, सोफा किती स्वच्छ आहे!" असं मी हिला म्हणालो, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "अहो, पण इतक्यात कोणी आलं असतं तर?" तर ते एक असो.

ऑगस्ट १९०१ मध्ये बूथने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. आता हे यंत्र म्हणजे काय होतं म्हणता? लाल रंगाची घोडागाडी! तिच्यावर पेट्रोलचं इंजिन आणि पंप. गाडी रस्त्यात उभी राहायची, खिडक्यांमधून लांबलचक नळ्या घरात शिरायच्या आणि गणवेशातली माणसं त्या गालिच्यांवर फिरवायची. इंजिनाच्या धडधडाटाने रस्त्यातले घोडे बुजायचे आणि त्यावरून तक्रारी व्हायच्या. पण मोठ्या घरच्या बायका मात्र खूश होत्या. त्या मैत्रिणींना चहाला बोलवायच्या, आणि नळीच्या काचेच्या तुकड्यातून आपली धूळ कशी वाहत जाते ते सगळ्या मिळून बघायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. राजाला ते आवडलं आणि राजवाड्यातही यंत्र आलं.

म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म झाला तेव्हा त्याचं तोंड घरात होतं आणि धड रस्त्यावर. पुढचा सगळा इतिहास हे तोंड आणि हे धड यांच्या संसाराचा आहे. कधी सोयरीक, कधी काडीमोड.

इथे जरा विज्ञान सांगतो. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, आमच्याकडे सगळे तसंच करतात. हे यंत्र धूळ 'ओढतं' असं आपण म्हणतो, पण खरं तर ते काहीच ओढत नाही. आतला पंखा हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो. आत हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा, लोकलमध्ये जागा दिसल्यासारखी, तोंडातून आत घुसते आणि वाटेतली धूळ बरोबर घेऊन जाते. तोंड निमुळतं असलं तर वारा तिथे जोर धरतो. बागेच्या नळीवर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं ना, त्यातलाच प्रकार. पुढे कापडाची गाळणी धूळ अडवते आणि हवा सोडते. पण कापडाची भोकं धुळीने बुजली की हवा अडते, आणि पंखा नुसता ओरडत राहतो. म्हणून पोट वारंवार रिकामं करावं लागतं. सगळी मेख इथे आहे. भरायला सगळे तयार. रिकामं कोणी करायचं?

हा प्रश्न ज्याच्या छातीवर बसला होता तो माणूस अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी राहत होता. नाव जेम्स मरे स्पँगलर. आधी त्याने शेतीच्या अवजारांची पेटंटं घेतली, पण पैसा काही टिकला नाही. साठीच्या घरात आला तेव्हा तो एका मोठ्या दुकानात झाडलोट करत होता. त्याला दमा होता. गालिचे झाडायच्या यंत्राने धूळ उडायची आणि रात्रभर छाती वाजायची. नोकरी सोडावी तर खायचं काय? मग १९०७ साली त्याने एका विजेच्या पंख्याची मोटार, एक लाकडी खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढं सामान जमवलं. मोटारीने धूळ आत यायची आणि अभ्र्यात साठायची. दिसायला ते भलतंच विद्रूप होतं म्हणतात. पण त्या रात्री तो बऱ्यापैकी झोपला असेल असं मला वाटतं.

जून १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. यंत्र एका ओळखीच्या हूवरबाईंना आवडलं. त्यांचे यजमान विल्यम हूवर यांचा घोड्यांच्या चामडी सामानाचा कारखाना होता. मोटारी आल्या, घोडे चालले, आता पुढे काय, या विवंचनेत ते होते. त्यांनी पेटंट विकत घेतलं. नियतकालिकात जाहिरात दिली की दहा दिवस यंत्र फुकट वापरून बघा. पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. बूथ इंग्रज, पण इंग्लंडमध्ये लोक घर 'हूवर' करू लागले. स्पँगलरला पेटंटाचे पैसे मिळत राहिले, पण १९१५ च्या जानेवारीत तो वारला. आयुष्यातल्या पहिल्या सुट्टीवर निघण्याच्या आदल्या रात्री, असं सांगतात. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं. आम्ही बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत. आम्हाला यात नवीन काही वाटलं नाही.

स्पँगलरने तोंड आणि धड यांचं लग्न लावलं, पण जोडपं जड होतं. विकायला काढलेलं यंत्र ४० पौंडांच्या आसपास भरत असे. ते जिने चढवणार कोण? १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने पुन्हा घटस्फोट घडवला. धड म्हणजे एक आडवं नळकांडं, खाली बर्फावरच्या गाडीसारख्या दोन पट्ट्या. आणि तोंड लांब नळीच्या टोकाला, सुटं, बदलता येणारं. गालिच्याला एक तोंड, खुर्चीला दुसरं. धड मागून आज्ञाधारकपणे घसरत यायचं. हा संसार बराच टिकला.

तो आमच्याही दारापर्यंत आला होता. १९८० नंतरच्या दशकात गळ्यात टाय बांधलेले तरुण हे यंत्र घेऊन दारोदार फिरत, हे पुष्कळांना आठवत असेल. आमच्याकडे आलेल्या मुलाने दिवाणावरची गादी दाखवायला सांगितली. नळीत एक पांढरा रुमाल बसवला, यंत्र गादीवरून दोनदा फिरवलं आणि रुमाल काढून आमच्यापुढे धरला. त्यावर तेच वर्तुळ! बूथसाहेब कोण हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आईने जपमाळ थांबवून जाहीर केलं, "आमच्या घरात एवढी धूळ नाही. ती यंत्रातूनच आली असेल." मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मी हिशेब विचारतो. किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. "विचार करून कळवतो," असं म्हणून मी त्याला चहा पाजला.

ही दारात उभी होती. तेव्हा हिला नुसता खोकला होता. "परवडत असेल तर..." एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "अगं, केर काढायला कोणी यंत्र घेतं का?" विचार करून मी काही कळवलं नाही. त्याच वर्षी स्कूटर मात्र घेतली.

सुटं तोंड असलेलं हे हातातलं यंत्र त्याआधीच अमेरिकेत आलं होतं. ब्लॅक अँड डेकर ही कंपनी बॅटरीवर चालणारी ड्रिलं करत असे. चंद्रावरच्या जमिनीला भोकं पाडण्याचं ड्रिलही तिने केलं. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ते वापरलं. थोड्या विजेत मोटारीकडून जास्तीत जास्त काम कसं काढायचं, ही त्या वेळी कमावलेली विद्या पुढे घरगुती वस्तूंत उतरली, आणि १९७९ साली 'डस्टबस्टर' बाजारात आला. त्यात धड म्हणजे मूठ, मोटार आणि बॅटरी. आणि तोंड हेच पोट. खटका दाबायचा, तोंड काढायचं, केराच्या डब्यावर उलटं करायचं, गाळणी झटकायची, पुन्हा बसवायचं. पुढे जेम्स डायसन नावाच्या इंग्रजाने पिशवीच नको म्हणून हवेला भोवऱ्यासारखं फिरवलं. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने केले. पण रिकामं करायचं काम त्यालाही चुकवता आलं नाही. चंद्रावरून विद्या आणली तरी केर शेवटी कोणीतरी हाताने टाकायचाच असतो.

आणि इथे मला स्पँगलर पुन्हा आठवला. जगात झाडू हजारो वर्षं आहे. झाडणारे आणि झाडणाऱ्या खोकत होत्या तेही हजारो वर्षं. मग हे यंत्र एवढ्या उशिरा का सुचलं? मला वाटतं, ज्यांच्या हातात पेटंट काढायची विद्या होती त्यांच्या हातात झाडू नव्हता, आणि ज्यांच्या हातात झाडू होता त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कँटन गावच्या त्या म्हाताऱ्यात दोन्ही एकत्र आले एवढंच. मी जर पस्तीस वर्षांपूर्वी एक महिना घर झाडलं असतं, तर त्या टायवाल्या मुलाला चहाबरोबर चेकही दिला असता.

म्हणून आता केर मी काढतो. यंत्र सोफ्याला आणि गादीला, केरसुणी बाकीच्या घराला. लक्ष्मीपूजनाला हिने केरसुणीला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी यंत्र ठेवून त्याच्या चोचीलाही एक बोट लावलं. व्हिडिओ कॉलवर कन्या ओरडली, "आई, वॉरंटी जाईल!" ही म्हणाली, "जाऊ दे. पहिल्यांदा तुझ्या बाबांनी हातात घेतलंय."

रोज सकाळी मी यंत्र घेऊन खाली जातो, कचऱ्याच्या पेटीपाशी उभा राहतो, नाकाला रुमाल बांधतो आणि बटण दाबतो. वरून गॅलरीतून आवाज येतो, "अहो, वाऱ्याकडे पाठ करा!"

हे मात्र बूथसाहेबांनाही कोणी सांगितलं नसेल.