वसाहती राजसत्तेशी नाते का तोडतात?

स्वातंत्र्याची घोषणा ही वसाहतीची बहुधा पहिली नव्हे, तर अखेरची पायरी असते. आधी मागणी सुधारणांची असते. ती वारंवार नाकारली गेली की राजनिष्ठा निरर्थक ठरते. १७७६ मध्ये अमेरिकी वसाहतींनी आपल्या जाहीरनाम्यात राजे तिसरे जॉर्ज यांच्याविरुद्धच्या तक्रारींची यादीच दिली होती.

भारतातही हाच क्रम दिसतो. १९२८ च्या नेहरू अहवालात ब्रिटिश राजमुकुटाखालील वसाहतीच्या स्वराज्याची मागणी होती. ती वर्षभरात मान्य न झाल्याने डिसेंबर १९२९ मध्ये काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर घेतलेल्या प्रतिज्ञेत, ब्रिटिश राजवटीने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक हानी केल्याचे नमूद होते.

मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळील त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ब्रिटिश सरकारला सहा महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी, असे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी तेथे सुचवले. अधिवेशनाने ते स्वीकारले नाही आणि एप्रिलमध्ये बोस यांनी अध्यक्षपद सोडले. मतभेद मार्ग, वेळ आणि नेतृत्व यांविषयी होते. पूर्ण स्वराज्याच्या ध्येयाविषयी नव्हते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्तांतर झाले, तरी राजे सहावे जॉर्ज भारताचे औपचारिक राजप्रमुख राहिले. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि हा दुवाही संपला. या तारखेची निवड १९३० च्या प्रतिज्ञेच्या स्मरणार्थ करण्यात आली होती.