एका नावाचा सातबारा

सावद्याजवळच्या गावात तुम्ही तलाठ्याच्या टेबलापुढे उभे आहात. हातात सातबारा आहे. क्षेत्र 0.89 हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकरसुद्धा नाही. त्यावर नावं 37. काहींपुढे ‘मयत’ लिहिलंय, वारस लागलेले नाहीत. एक नाव दोनदा आलंय. भोगवटादार वर्ग 2. इतर हक्कांत एक ओळ: इनाम वर्ग 6 ब, नवीन अविभाज्य शर्त.

महार वतन, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यातली जमीन. चुलत घराण्यानं आपला हिस्सा स्टॅम्पपेपरवर देऊन टाकलाय आणि घेणारा कुंपण घालायला आलाय. दुसरी एक शाखा म्हणते, आम्हीही त्याच वतनातले, पण आमचं नाव कुठल्याच कागदावर नाही. प्रकरण प्रांताकडे आहे. वकील म्हणाले, जुने फेरफार काढा.

म्हणून तुम्ही धुळ्याच्या बसमध्ये बसता. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. पारोळा मागे पडतं. मांडीवरच्या पिशवीतला फेरफाराचा उतारा उलगडता, आणि पुढचा थांबा येतो तो 1959 चा.

1 ऑगस्ट. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली आहेत. तुमचे आजोबा चावडीसमोर रांगेत उभे. जमीन सरकारजमा झाली, आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की ती पुन्हा मिळणार. मात्र कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, सरस-निरस पाहून वाटूनही घ्यायची नाही. आजोबा पावतीची चौघडी घालून टोपीत खोचतात. विक्रीवरची अट मला पटते. ती नसती तर सावकारानं पहिल्याच दुष्काळात ही जमीन गिळली असती. पण वाटपावरच्या अटीनं घराचा गळा आवळला. चार भावांची चौदा मुलं झाली, बांध मात्र एकही पडला नाही. मग जो तो पायांनी हिस्सा मोजू लागला.

आणखी मागे. 1928. रात्रीचा दुसरा प्रहर. दारावर काठी आपटते. सरकारी टपाल तालुक्याला न्यायचंय. पणजोबा तापानं फणफणले आहेत. आवाज पुन्हा येतो: बाप नाही तर पोरगा पाठवा. बारा वर्षांचा मुलगा घोंगडी खांद्यावर टाकून अंधारात निघतो. तुम्ही त्याच्यामागून चालता. पायात काही नाही, पायाखाली काळी भेगाळलेली माती. हे काम एकट्या वतनदाराचं नव्हतं; हाक आली की घरातल्या कुणालाही जावं लागे. ह्याच वर्षी 19 मार्चला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचं विधेयक मांडलं. चोवीस तासांची राबणूक, आणि मोबदल्यात पोट न भरणारा जमिनीचा तुकडा. ती जमीन कुणी बक्षीस दिली नव्हती, ती मजुरी होती. ‘फुकटची वतनी’ असं म्हणणारा कुणी भेटला की मला हा मुलगा आठवतो.

अजून मागे जा. 1852. सावदा-फैजपूरकडे हजारो शेतकरी जमलेत. मोजणी नको, वाढीव सारा नको. साहेबांचे तंबू वेढलेले आहेत, पलटण बोलावली जाते, पाटलांना धरलं जातं. मग बंदोबस्तात मोजणी सुरू होते.

साखळी पहिल्यांदा जवळून बघता. लोखंडी, 33 फूट लांब. लांबीला एक, रुंदीला एक, की गुंठा झाला. असे चाळीस, की एकर. साखळीचं एक टोक मोजणीदाराच्या माणसाकडे, दुसरं तुमच्या पूर्वजाच्या हातात. शिवेचा दगड कुठं बुजलाय, ओढा कधी वळला, हे गावात महारालाच ठाऊक. गावाची राखण करणाऱ्या जागल्यांचंही तसंच. खानदेशात ते बहुतेक भिल्ल. रानातली प्रत्येक वाट त्यांना पाठ. हद्दीचा तंटा पडला की साक्ष ह्या दोघांचीच.

दुपारी कारकून बाभळीखाली बसतो. बोरू शाईत बुडवतो.

“वतन कुणाकडं?”

“भावकीचं हाय. पाळीपाळीनं राबतो.”

“नाव एक सांग.”

साखळी धरलेला माणूस मागे बघतो. धाकटा भाऊ बांधापलीकडे झेंडी धरून उभा आहे, साखळी ताणली जाईपर्यंत त्याला तिथून हलता येत नाही. थोरला आपलंच नाव सांगतो. त्यात कपट नाही. एकच मागितलं, म्हणून एकच दिलं. कारकून मोडीत लिहितो, वर वाळू भुरभुरतो, पान उलटतो.

तुम्ही वाकून बघता. 37 नावांचा वंश ह्या एका नावाखाली आहे. धाकट्याची लेकरं अजून प्रांताच्या दाराशी उभी आहेत.

बांधापलीकडून तो ओरडतो, “झालं का मोजून?”

साखळी पुढच्या शेताकडे निघते.