बांध कोणाचा, वाटा कोणाचा

सन २०११ च्या जानेवारीत हैदराबाद नगरीत विद्वानांचा एक मेळावा भरला होता. सामाईक संपत्तीचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे ते तेरावे द्वैवार्षिक अधिवेशन. दक्षिण आशियात ते प्रथमच भरत होते. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ साली मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम त्यास उपस्थित होत्या. चर्चा कुरणांची, तळ्यांची, वनांची झाली. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आम्हां गोमंतकीयांच्या अगदी घरचा आहे. जे सर्वांचे ते राखावे कोणी, आणि हे ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण?

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते की, सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेर कुरणच नष्ट होते. म्हणून एक तर ते खाजगी करावे, नाही तर सरकारने ताब्यात घ्यावे. ऑस्ट्रमबाईंनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरचे दाखले देऊन दाखविले की, माणसे एकत्र बसतात, नियम करतात, पहारा ठेवतात, चुकणाऱ्यास प्रथम थोडा व मग अधिक दंड करतात, आणि अशा व्यवस्था शतकानुशतके टिकतात. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या गावाचा दाखला त्यांत प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक डोंगरावर सोडाव्यात, असा तेथील सोळाव्या शतकापासूनचा नियम. नियम उत्तमच, पण ज्याच्या कोठारात चारा अधिक त्याच्या गाई अधिक, आणि परक्यास तर प्रवेशच नाही! कुरण वाचले, विषमताही वाचली.

हे वाचताना आम्हांस आमची गावकरी आठवल्यावाचून राहात नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकारांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो ‘फोराल’ प्रसिद्धच आहे. पूर्वी चार माणसे ओसाड भूमीवर आली व त्यांनी ती लागवडीस आणली, अशी मूळकथा त्यात नमूद आहे. खाजन शेती ज्याने पाहिली आहे त्याला ‘लागवडीस आणणे’ या शब्दांमागचे कष्ट सांगावे लागणार नाहीत. भरतीचे खारे पाणी अडविणारा मातीचा बांध आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडून भरतीला आपोआप मिटणारी मानस, एवढ्यावर सारे भात उभे. बांध एका जागी फुटला की साऱ्यांचेच शेत खारे होते. तेथे एकट्याची शहाणीव काय कामाची? म्हणून गावकरीने बांध राखला, शेते लिलावाने खंडावर दिली, सरकारचा सारा भरला, देवालयाच्या सेवेसाठी जमिनी तोडून दिल्या आणि उरलेला नफा गावकारांत झोण म्हणून वाटला. १५४० साली तिसवाडीतील देवालये पाडली गेली, पुढच्याच वर्षी त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले; तरी गावकरी मोडली नाही. साऱ्यासाठी पोर्तुगिजांनाही ती हवीच होती.

परंतु झोण कोणास? मूळ गावकारांच्या वंशातील पुरुषांस. कन्येस नाही, चिखलात उभे राहून खंडाने कसणाऱ्या कुळास नाही, दुसऱ्याच्या भाटात झोपडी घालून राहणाऱ्या मुंडकारास नाही. आमचे वाचक बहुतेक महाजन घराण्यांतील; देवालयाच्या महाजनकीची घडणही याच वंशपरंपरेवर झालेली आहे, हे त्यांना आम्ही सांगावे असे नाही. आम्हीही त्याच परंपरेतले असल्याने हे लिहिताना लेखणी जराशी अडखळते, हे कबूल केलेले बरे.

हा अन्याय कायद्याने दूर करू पाहिला. १९६४ चा कूळ कायदा आला व १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. आम्ही ती दुरुस्ती न्याय्य मानतो. मात्र बांधाचे काय? त्यासाठी १९७५ चे नियम आहेत. कुळांची ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द त्यांच्या नावातच आहेत. कुळांच्या संघांनी बांध राखावे, अशी ती योजना. पण जमिनीची मालकी एका तारखेस देता येते, सहकाराची सवय तशी देता येत नाही. मानशीवरील मासळीच्या लिलावाचा पैसा भातापेक्षा गोड लागू लागला, खारे पाणी मुद्दाम आत घेतल्याच्या तक्रारी झाल्या, आणि अनेक खाजने पडीक झाली. यावरून गावकरीच बरी होती असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही. ज्याला वाटा नव्हता त्याच्याकडून पिढ्यानपिढ्या बांध घालून घेतला, पण बांधाच्या बैठकीत त्याला कधी बसविले नाही. मग ती विद्या त्याने शिकावी कोठे?

हैदराबादचे अधिवेशन आटोपून दोन आठवडे झाले, तोच २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका गावच्या तळ्याच्या खटल्यात निकाल दिला. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत आणि त्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असा त्यात आदेश आहे. अतिक्रमण जुने आहे किंवा त्यावर खर्च फार झाला आहे, ही सबब चालणार नाही, असेही बजावले आहे. मात्र सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना जेथे पट्टा दिला असेल, तेथे अपवाद करता येईल, असे एक वाक्य न्यायमूर्तींनी शेवटाकडे घातले आहे. निकालाचा हवाला देणारे बहुतेक वकील ते वाक्य वाचून दाखवीत नाहीत.