कॅनमधला चुना

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया-अलाबामाच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत, हरणांसाठी रानात पाव-अर्धा एकर क्लोव्हर पेरणारे हौशी पुष्कळ आहेत. त्यांच्यात एक मत घट्ट रुजले आहे: एवढ्याशा तुकड्याला टनांनी चुनखडी कशाला? ‘लिक्विड लाइम’चा एक कॅन फवारा, नाहीतर दाणेदार चुनखडीच्या दोन-चार गोण्या टाका, हा माल म्हणे जास्त ‘तीव्र’ असतो. देशावरच्या वाचकाला हा वाद परका वाटेल, त्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आयतेच सापडतात. जांभ्याच्या मातीत राबणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला मात्र तो लगेच कळावा.

या मतात काहीच तथ्य नाही असे नाही. भुकटी जितकी बारीक तितकी ती लवकर लागू पडते. दाणेदार चुनखडी म्हणजे तीच बारीक भुकटी, बंधक घालून दाणे केलेली. ट्रक पोचत नाही तिथे ती हाताने पसरता येते. पण लवकर लागू पडणे निराळे आणि जास्त आम्ल मारणे निराळे.

शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची आम्ल मारण्याची शक्ती 100 धरली, तर डोलोमाइटची सुमारे 108, विरवलेल्या चुन्याची 135 आणि कळीच्या चुन्याची 179 भरते. भट्टीतून निघालेला कळीचा चुनासुद्धा दुप्पट काम करत नाही, मग पाण्यात कालवलेली चुनखडी कित्येक पट कशी करील? एक एकर, सहा इंच खोल मातीचे वजन साधारण 9 लाख किलो. साडेनऊ लिटरच्या कॅनमध्ये फार तर दहा किलो चुनखडी मावते. काही कॅनांत तर नुसते कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण असते. चुनखडीत आम्ल मारते ते कार्बोनेट. क्लोराइड ते करत नाही, जिप्समही नाही.

‘मग खतच वाढवू’ हा पुढचा युक्तिवाद. सामू साडेपाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते आणि स्फुरद अडकून पडते. वर अमोनियमयुक्त खत आम्लता वाढवतेच. व्हर्जिनियाच्या एडमंड रफिनने 1832 सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते की आम्ल मेल्याशिवाय शेणखतही अंगी लागत नाही. त्याच्या शेतावर मार्ल, म्हणजे चुनायुक्त माती, खणणारे हात गुलामांचे होते आणि तो गुलामगिरीचा कट्टर कैवारी होता. पण मातीबद्दल त्याचे म्हणणे खरे होते.

नुसत्या सामूवरूनही मात्रा ठरत नाही. सामू सारखाच असला तरी चिकणमातीला रेताड जमिनीपेक्षा कितीतरी जास्त चुनखडी लागते. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हवा. त्यात एकरी दोन अमेरिकन टन लिहिले असतील तर पाव एकराला 450 किलो, म्हणजे 18 किलोच्या 25 गोण्या. तेवढ्या झेपत नसतील तर तुकडा निम्मा करा, मात्रा नको. आणि पेरणीच्या काही महिने आधीच चुनखडी मातीत मिसळा. वर पसरून ठेवलेली फार हळू खाली उतरते.